पार्ट मिळत नाही म्हणून अख्खं कमोड बदलू नका
फ्लशची टाकी बिघडली की "कंपनीने पार्ट बंद केले, आता नवीन कमोडच बसवा" असं प्लंबर बऱ्याचदा सांगतो. घाई करू नका. चिनी मातीचं भांडं धड असेल तर ते काढण्यात लादी फुटते आणि खालच्या मजल्यावर गळती सुरू व्हायची भीती असते. टाकीतली फिटिंग युनिव्हर्सल, म्हणजे बहुतेक कंपन्यांच्या टाकीला चालणारी मिळते, फक्त दुकानात जाण्याआधी तीन मापं घ्या: तळाच्या भोकाचा व्यास, तळापासून झाकणापर्यंतची आतली उंची, आणि पाणी खालून येतं की बाजूने. ओव्हरफ्लोच्या (जास्तीचं पाणी भांड्यात सोडणाऱ्या) नळीचं तोंड हँडलच्या भोकापेक्षा किमान इंचभर खाली हवं, नाहीतर पाणी हँडलच्या भोकातून बाहेर येईल.

जुन्या सायफनच्या टाकीत (हँडल ओढल्यावर आतला पडदा पाणी वर उचलून भांड्यात सोडतो ती) तीन-चारदा ओढल्यावर एकदा फ्लश होत असेल, तर बहुधा हा पातळ प्लॅस्टिकचा पडदा फाटलेला असतो. तो जाड, लवचिक प्लॅस्टिक शीटमधून कापता येतो. पडदा ज्या जाळीवर बसतो तिची सगळी भोकं झाकली पाहिजेत, पण कडा सायफनच्या आतल्या भिंतीला घासता कामा नये, चारी बाजूंनी एक-दोन मिलिमीटर मोकळे ठेवा. रबराचे वॉशर मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला जुना नमुना दाखवून घ्या.

टाकीचे बोल्ट आपल्या खाऱ्या हवेत गंजून जाम होतात. पाना लावून जोर केलात तर टाकीलाच तडा जाईल, हॅकसॉच्या पात्याने कापा. नवे पितळीच घ्या आणि आलटून पालटून थोडे थोडे आवळा. शेवटी टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर टाकीच्या तळाच्या भोकावरचा रबरी वॉशर नीट बसलेला नाही.