गिरण्या बाहेरचा कापूस नेमका कुठून आणतात?

पऱ्हाटीवाला_यवतमाळ:
आमच्याकडं घरात कापूस भरून पडलाय आणि व्यापारी म्हणतो बाहेरचा माल आलाय म्हणून भाव नाही. बाहेरचा म्हणजे कुठला? इजिप्तचा लांब धाग्याचा येतो एवढं ऐकून होतो पण तो थोडाच असेल ना, आणि आपण एवढा पिकवतो तर लागतोच कशाला? कुणी गिरणीत असेल तर नीट सांगा.

सूतवाला_इचलकरंजी:
भाऊ मी सूतगिरणीत खरेदी बघतो. दोन वेगळे माल आहेत. एक लांब धाग्याचा, इजिप्तचा गिझा न अमेरिकेचा पिमा, 80-100 काउंटचं (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचं माप) बारीक सूत काढायचं तर असाच लागतो. तुमच्याकडचा धागा साधारण 28 ते 30 मिमी, पिमाचा 35 च्या आसपास. आपल्यात असल्या लांब धाग्याची वाणं आहेत, तमिळनाडूत सुविन होतो, कर्नाटक आणि मध्य प्रदेशात रतलामकडं डीसीएच-32, पण पुरत नाही. दुसरा माल तुमच्यासारखाच मध्यम लांबीचा, तो ब्राझील, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, माली-बेनिनकडून येतो. तुमचा भाव पाडतो तो हा.

पऱ्हाटीवाला_यवतमाळ:
मग आयातीवर ड्युटी होती ना?

सूतवाला_इचलकरंजी:
होती, 2021 पासून 11 टक्के. 32 मिमीच्या वरच्याला फेब्रुवारी 2024 मध्ये माफ केली, ते ठीकच. ऑस्ट्रेलियाचा वर्षाला 51 हजार टन करारामुळं बिनड्युटी येतो. पण 19 ऑगस्ट 2025 ला सगळ्याच कापसावरची काढली, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत न मग वाढवून डिसेंबरअखेर, म्हणजे ऐन तुमच्या वेचणीत. गिरणीला स्वस्त पडलं हे खरं, तरी मी म्हणेन ही वेळ शेतकऱ्यावर अन्याय करणारी होती.

जिनिंगवाली_अकोला:
नुसता भाव नाही हो, स्वच्छतापण बघतात. अमेरिकेत गाठन्‌गाठ तपासून लांबी, मजबुती लिहिलेली असते. आपल्याकडं वेचलेला कापूस खताच्या पोत्यात भरतात, त्याचे प्लास्टिकचे दोरे रुईत जातात, त्यांना रंग चढत नाही आणि कापडावर पांढरे ठिपके दिसतात, मग अख्खा लॉट परत येतो. आमच्या बाया दिवसभर हातानं ते दोरे वेचत बसतात. दादा, वेचणीला सुती झोळी वापरा, कवडी म्हणजे किडका-डागी कापूस वेगळा ठेवा. आणि व्यापाऱ्याला घाईनं देऊ नका, सीसीआय म्हणजे सरकारी कापूस महामंडळ हमीभावानं घेतं, 2025-26 ला लांब धाग्याचा (सरकारी हिशोबात तुमचा 30 मिमीच्या आसपासचाच त्यात येतो) क्विंटलला 8110 रुपये होता, फक्त ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला तर घेत नाहीत म्हणून चांगला वाळवून न्या.

पऱ्हाटीवाला_यवतमाळ:
ताई, पोत्यांचं कुणी सांगितलंच नव्हतं आजवर. उद्याच जुन्या लुगड्यांच्या झोळ्या शिवायला देतो.