हॉलचा पीच रंग रात्री गुलाबी दिसतोय, तातडीने मदत हवी

जास्वंद: शेडकार्डवर छान सौम्य पीच होता. भिंतीवर पहिला हात झाला आणि संध्याकाळपासून चक्क गुलाबी! सासूबाई म्हणतात बालवाडी केलीस हॉलची. उद्या सकाळी पेंटर दुसरा हात मारायला येणार. थांबवू का? सोफा राखाडी आहे. प्लीज लवकर सांगा.

तांबडी माती: शेड नंबर? रंग सुकलाय का? खिडकी कुठल्या दिशेला?

चौथा मजला: पीचच्या नादी लागूच नका. पॅन्टोन या रंगांच्या कंपनीने २०२४ चा 'वर्षाचा रंग' म्हणून पीच फझ जाहीर केला तेव्हापासून जो तो पीच मागतो. ऑफव्हाइट द्या, कशावरही जातो.

पिंपळपान: @चौथा मजला, रंग आणून एक हात मारूनही झालाय हो. आणि पीच फझ चांगला भरीव रंग आहे, भिंतीला लोक देतात तो याहून खूप फिका.

जास्वंद: सुकलाय, सकाळीच दिला होता. नंबर डब्यावरून पुसला गेलाय. खिडकी उत्तरेला.

तांबडी माती: दिवे कुठले? फरशी कसली?

जास्वंद: पांढऱ्या एलईडी ट्यूब. फरशी कोटा. पण फरशीचा काय संबंध?

तांबडी माती: आहे ना. कोटा हिरवट-निळसर, त्याच्या शेजारी पीचमधला गुलाबी उठून दिसतो. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन जवळजवळ नाहीच, उजेड थंड. त्यात ट्यूब ६५०० केल्विनची असणार (केल्विनचा आकडा मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळसर), त्यात निळा जास्त. आत्ता ३००० केल्विनचा बल्ब लावून बघा.

मीठभाकर: आमच्या रत्नागिरीच्या घरी असाच पीच दिला होता. पहिल्याच पावसाळ्यात ओल येऊन पोपडे निघाले. आधी बाहेरून वॉटरप्रूफिंग करा, मग रंगाचं बोला.

चौथा मजला: रंगासाठी ट्यूब बदलायच्या? मुलांना अभ्यासाला पांढराच उजेड लागतो.

पिंपळपान: ४००० ची घ्या, अभ्यासही होतो. तरी गडद वाटला तर त्याच कंपनीच्या, त्याच फिनिशच्या पांढऱ्या इमल्शनमध्ये कालवून फिका करता येतो. फक्त लागेल तेवढा सगळा एकदम कालवा, नंतर तीच छटा जुळत नाही. आधी मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारून प्रत्येक भिंतीला टेकवून बघा, दिवसा आणि रात्रीही.

जास्वंद: शेजारून पिवळा बल्ब आणून लावला. तीन भिंती एकदम बदलल्या, हवा होता तसाच रंग! पण टीव्हीमागची अजून गुलाबीच आहे, मध्ये मध्ये चट्टे दिसताहेत.

तांबडी माती: त्या भिंतीला आधी कुठला रंग होता?

जास्वंद: मरून. बाकीच्या क्रीम होत्या.

तांबडी माती: अहो, हे आधी सांगायचं ना! खालचा मरून वर येतोय. प्रायमर मारला होता का?

जास्वंद: नाही. पेंटर म्हणाला जुन्या भिंतीला लागत नाही.

पिंपळपान: गडदावर फिका द्यायचा तर लागतोच.

चौथा मजला: ती एक भिंत मरूनच ठेवायची होती. राखाडी सोफ्यामागे शोभली असती.

तांबडी माती: पेंटरला येऊ द्या, पण दुसरा हात थांबवा. टीव्हीमागे पॉलिश पेपर मारून पांढऱ्या प्रायमरचा एक हात, मरून दिसत राहिला तर दुसरा. सुकल्यावर त्यावर पीच. बाकी तीन भिंतींचं पुठ्ठा बघून ठरवा. भिंत केवढी आहे?

जास्वंद: दहा बाय दहा. एक लिटर प्रायमर पुरेल?

तांबडी माती: एका हाताला साधारण पुरेल. दोन लिटर आणून ठेवा.