मदत हवी आहे: प्लायचे उरलेले तुकडे जोडून टेबलाचा टॉप

किचनच्या कामातून बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणाऱ्या) प्लायचे बरेच तुकडे उरलेत. 12 आणि 18 मिमी, लांबी दोन ते तीन फूट, रुंदी 6 ते 12 इंच. 4 × 2 फुटांचा टॉप करायचाय. कडेला कड लावून फेविकॉलने चिकटवलं तर टिकेल का? काही तुकड्यांना एका बाजूने सनमायका आहे.

गुण्या:
नुसती कडेला कड टिकणार नाही. प्लायमध्ये एकाआड एक थर आडवा असतो, त्यामुळे कडेवर जवळजवळ निम्म्या थरांची तोंडं उघडी असतात. ती फेविकॉल पिऊन टाकतात आणि सांधा उरलेल्या थरांच्या जिवावर राहतो. मध्ये वजन पडलं की खालून उघडतो.

12 मिमीचे दोन थर एकावर एक घ्या, वीटकामासारखे. वरचा सांधा खालच्यापासून निदान 4 इंच सरकवा. पण सांध्यापाशी ताकद 24 मिमीची मिळत नाही, एकाच 12 मिमी थराची मिळते. शिवाय वजनाने खालचा थर ताणला जातो, वरचा दाबला जातो. म्हणून सर्वांत लांब तुकडे खाली, लांबीच्या दिशेने लावा आणि 4 फुटांच्या मधोमध खालच्या थरात आडवा सांधा येऊ देऊ नका. बारके तुकडे वर चालतील, फक्त कडा गुण्यात (काटकोनात) कापून घट्ट भिडवा.

फेविकॉल 150 ते 200 ग्रॅम पुरेल. पाणी घालू नका. दाबासाठी खालून 20 मिमीचे स्क्रू, सहा-सहा इंचांवर, आधी मधोमध आणि मग कडांकडे. खालच्या थरात स्क्रू सैल जाईल एवढं आरपार भोक पाडा, नाहीतर आटे दोन्ही थरांत अडकतात आणि मधली फट कितीही पिळलं तरी मिटत नाही. वजन 24 तासांनंतरच, पावसाळ्यात आणखी थांबा.

सनमायकाचे तुकडे यात मिसळू नका. सनमायकावर हा फेविकॉल धरत नाही आणि जाडीतही एक मिमीचा फरक पडतो.

धागाकर्ता:
धन्यवाद. 18 मिमीचे तुकडे एकाच थरात जोडता येतील का? 36 मिमी फार जड होईल.

रंधा:
येतील, मध्ये पट्टी घालून. दोन्ही कडांना राउटरने (खाच मारायच्या मशीनने) 6 मिमी रुंद, 13 मिमी खोल खाच मारा आणि त्यात 6 मिमी प्लायची 25 मिमी रुंद पट्टी बसवा. उरलेला एक मिमी जास्तीच्या फेविकॉलसाठी. बाजारातली 6 मिमी प्लाय बऱ्याचदा थोडी कमीच भरते, तेव्हा आधी भंगार तुकड्यावर खाच मारून बघा. पट्टी हाताने सरकली पाहिजे. हातोडीने ठोकावी लागत असेल तर फेविकॉलच्या पाण्याने फुगून ती अर्ध्यातच अडकेल.

खाच मारताना राउटर प्रत्येक तुकड्याच्या चांगल्या बाजूवरच टेकवा. मग जाडीतला फरक खालच्या बाजूला जातो. वर सांध्यापाशी उंचसखलपणा राहिला तर घासून सपाट करायला जाऊ नका. वरचा पापुद्रा अर्धा मिमीही नसतो, लगेच खालचा थर दिसायला लागतो.

क्लॅम्प एक वरून, एक खालून असे लावा. सगळे एकाच बाजूने आवळले तर टॉप कमानीसारखा उचलतो. इतकं करूनही खाली दर फुटावर सांध्यांना आडवी लाकडी पट्टी द्या. वर सनमायका लावणार असाल तर खालीही लावा, एकाच बाजूने लावलेला टॉप वाकतो.