मशीन मंद नाही, खोली गरम आहे
सव्वा किलोच्या आतले लॅपटॉप वजनाला हलके, दिसायला छान, पण प्रोसेसर कमजोर म्हणून मोठी एक्सेल फाइल उघडली की दम टाकतात, असं काहीजण म्हणतात. वजनाबद्दल मान्य. माझा १.१ किलोचा आहे आणि खांद्याला खरंच कळत नाही. कीबोर्डही उत्तम. पण दोष प्रोसेसरचा आहे हे मला पटत नाही. मी तो मे महिन्यात घेतला. पहिला आठवडा घरी, कूलरच्या खोलीत काम केलं, तर दुपारी दोननंतर लॅपटॉपचा पंखा घोंघावायचा आणि तीच फाइल रखडायची. नागपुरातल्या मिहान या उद्योग-आयटी वसाहतीतल्या ऑफिसात एसीत बसलो की सुरळीत. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरासाठी बाहेरचं तापमान ३५ अंशांपर्यंतच दिलेलं असतं. आपल्याकडे नागपुरात पारा ४५च्या घरात जातो. पातळ बॉडीत उष्णता बाहेर जायला जागा कमी, म्हणून प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. हवा खालच्या जाळीतून आत जाते, त्यामुळे गादीवर ठेवून तर मुळीच वापरू नका.

बॅटरीची काळजी मला जास्त वाटते, कारण लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेली आणि गरम राहिली की लवकर म्हातारी होते. ऑफिसकामासाठीच्या (बिझनेस) लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बहुधा असते, ती मी पहिल्याच दिवशी चालू केली. आणि बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, कामाला गेलात तर उन्हात उभ्या गाडीत बॅग ठेवू नका, सोबतच न्या. एवढं हलकं मशीन घेतलंय ते त्यासाठीच ना!