ऑस्कर २०२५ : कोणाला मिळेल आणि कोणाला मिळायला हवे?

ठाणेकरीण | २५ फेब्रुवारी २०२५

नमस्कार मंडळी,

येत्या सोमवारी, ३ मार्चला, आपल्याकडच्या पहाटे साडेपाचला ९७वा ऑस्कर सोहळा सुरू होईल. आमच्या सोसायटीतले आम्ही आठ जण दरवर्षी त्यासाठी एक कागद भरतो. त्यावर दोन रकाने असतात, ‘मिळेल’ आणि ‘मिळायला हवे’. गुण फक्त पहिल्या रकान्याचे मोजतात आणि ज्याचे गुण सर्वांत कमी भरतील त्याने त्या सकाळी सगळ्यांना मिसळ खाऊ घालायची, असा नियम आहे. गेली तीन वर्षे ही मिसळ माझ्याच खर्चाने झाली, कारण दुसऱ्या रकान्यातले नाव पहिल्या रकान्यातही लिहून टाकण्याचा मोह मला आवरत नाही. गेल्या वर्षी अभिनेत्रींच्या विभागात मी लिली ग्लॅडस्टोनचे नाव दोन्हीकडे लिहिले होते. बाहुली मिळाली एमा स्टोनला.

यंदा डोक्याने लिहायचे ठरवले आहे, पण डोके चालत नाही. जानेवारीत गोल्डन ग्लोबमध्ये ‘द ब्रुटलिस्ट’ आणि ‘एमिलिया पेरेझ’ यांची सरशी झाली. नामांकनांत ‘एमिलिया पेरेझ’ने १३ची मजल मारली, जी इंग्रजीखेरीज अन्य भाषेतल्या कोणत्याही चित्रपटाने आजवर मारली नव्हती; आणि आठवड्याभरात तिच्या नायिकेची जुनी आक्षेपार्ह ट्वीट्स बाहेर येऊन सगळे पारडे फिरले. मग निर्मात्यांच्या आणि दिग्दर्शकांच्या संघटनांनी ‘अनोरा’ला कौल दिला, बाफ्टा या ब्रिटिश पुरस्काराने ‘कॉन्क्लेव्ह’ला, आणि परवाच्या रविवारी अभिनेत्यांच्या संघटनेनेही ‘कॉन्क्लेव्ह’लाच.

माझे मन विचाराल तर ते ‘आय अॅम स्टिल हिअर’ या ब्राझीलच्या चित्रपटात अडकले आहे. १९७१ साली रिओमध्ये लष्करी राजवटीची माणसे घरातून नवऱ्याला घेऊन जातात आणि तो परत येत नाही. पुढे मासिकाचा छायाचित्रकार येतो, त्याला कुटुंबाचे चेहरे दुःखी हवे असतात, आणि ती बाई मुलांना सांगते की हसा. फर्नांडा टोरेसने तेथे जे हसू आणले आहे, तसे मी पडद्यावर फार कमी वेळा पाहिले आहे.

तर सांगा, सर्वोत्कृष्ट चित्रपटासमोर काय लिहू? आणि अभिनेत्रींच्या विभागात डेमी मूर, मायकी मॅडिसन की टोरेस?

मतपेटी | २५ फेब्रुवारी २०२५

ठाणेकरीणताई, आपली अडचण अशी की आपण सगळे विभाग एकाच तराजूत तोलता. सर्वोत्कृष्ट चित्रपटाची मते बाकीच्या विभागांसारखी मोजली जात नाहीत. आपल्याकडे पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकीचा निकाल लागताना ‘दुसऱ्या पसंतीची मते’ हे शब्द वृत्तवाहिन्यांवर दिवसभर ऐकू येतात. २०१० सालच्या सोहळ्यापासून ऑस्करच्या या एका विभागात साधारण तोच प्रकार आहे. ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे सभासद दहा चित्रपटांना पसंतीक्रम देतात. पहिल्या पसंतीची निम्म्याहून अधिक मते कोणालाच मिळाली नाहीत, तर सर्वांत कमी मते मिळालेला चित्रपट बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या चित्रपटाकडे जातात. कोणीतरी निम्म्याची रेघ ओलांडेपर्यंत हे चालू राहते.

याचा परिणाम असा की काहींना अतिशय आवडलेला आणि काहींना मुळीच न रुचलेला चित्रपट मागे पडतो, तर बहुतेकांच्या यादीत दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर असलेला चित्रपट पुढे सरकतो. ‘एमिलिया पेरेझ’ची १३ नामांकने मला म्हणूनच कधी फारशी भीतिदायक वाटली नाहीत. नामांकने त्या त्या शाखेचे सभासद देतात, अंतिम मत मात्र सगळेच देतात, आणि हा चित्रपट एक तर पहिल्या क्रमांकावर असेल किंवा दहाव्या.

निर्मात्यांची संघटनाही याच पद्धतीने मते मोजते आणि तेथे ‘अनोरा’ जिंकला. दिग्दर्शकांच्या आणि लेखकांच्या संघटनांचे पुरस्कारही त्याच्याकडेच आहेत. पहिल्या रकान्यात तोच लिहा. अर्थात ‘ला ला लँड’ आणि ‘१९१७’ यांनीही निर्मात्यांचा आणि दिग्दर्शकांचा पुरस्कार घेतला होता आणि शेवटी ‘मूनलाइट’ आणि ‘पॅरासाइट’ यांनी त्यांना गाठले, हे मी लपवत नाही. ‘कॉन्क्लेव्ह’ हा तसा सगळ्यांना चालणारा चित्रपट आहे: उत्तम नट, बंद दारे, पोपची निवडणूक, दोन तासांत गोष्ट संपते. पण त्याच्या दिग्दर्शकाला नामांकनच नाही. अशा स्थितीत जिंकता येत नाही असे नव्हे (‘आर्गो’ आणि ‘कोडा’ जिंकले होते), मात्र वाट अरुंद होते.

अभिनेत्री या विभागात ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, इतका सरळ हिशेब आहे. पाच जणींत मते फुटली की तीस टक्क्यांतही काम भागू शकते. ‘अनोरा’ची लाट खरी असेल तर ती त्याच्या नायिकेला, मॅडिसनलाही, किनाऱ्याला लावेल. बाफ्टाचा पुरस्कार तिलाच मिळाला आहे, आणि बाफ्टाचा सोहळा १६ फेब्रुवारीला, म्हणजे ऑस्करचे मतदान चालू असताना झाला, हेही ध्यानात घ्या.

हडसनकाठ | २६ फेब्रुवारी २०२५

मतपेटी यांच्या शेवटच्या मुद्द्याला पुस्ती जोडतो. ऑस्करचे मतदान १८ फेब्रुवारीला संपले आणि अभिनेत्यांच्या संघटनेचा सोहळा २३ला झाला. त्यामुळे तेथे अभिनेत्यांत टिमथी शॅलमे जिंकला म्हणून कोणी आपले मत बदलले असेल, हे संभवतच नाही. फार तर अभिनेत्यांचा कल कोठे होता याचा तो पडसाद समजावा. अकादमीत सर्वांत मोठी शाखा त्यांचीच असल्यामुळे त्याला काही किंमत आहे, पण ठाणेकरीण यांच्या लिली ग्लॅडस्टोनलाही ही संघटना पावली होतीच.

अभिनेत्यांच्या विभागात मी ‘द ब्रुटलिस्ट’च्या नायकाचे, एड्रियन ब्रोडीचे, नाव लिहिले आहे. यातली गंमत अशी की २००३ साली हा पुरस्कार त्याला मिळाला तेव्हा तो तिशीला काही दिवस कमी होता आणि या विभागातला सर्वांत तरुण विजेता ठरला. शॅलमे आज २९ वर्षांचा आहे आणि तो जिंकला तर ब्रोडीचाच विक्रम ब्रोडीच्याच डोळ्यांदेखत मोडेल. माझ्या दुसऱ्या रकान्यात मात्र रेफ फाइन्स आहे. ‘कॉन्क्लेव्ह’मध्ये तो नुसता जिना चढतो तेव्हाही त्याच्या पाठीवरून शंका दिसते.

‘द ब्रुटलिस्ट’ मी न्यू जर्सीहून मुद्दाम मॅनहॅटनला जाऊन ७० मिलिमीटरच्या पडद्यावर पाहिला. तीन तास पस्तीस मिनिटांचा चित्रपट आणि त्यात पंधरा मिनिटांचे मध्यंतर. पडद्यावर लग्नाचा एक जुना फोटो आणि उलटे चालणारे घड्याळ होते, आणि शेजारचे अमेरिकी जोडपे एकमेकांना विचारत होते की आता उठायचे असते का. मला मात्र वडा आणि चहा कोठे मिळेल एवढाच प्रश्न पडला. चित्रपटाचा पूर्वार्ध थोर आहे, उत्तरार्ध माझ्या मते वाहवत जातो. हंगेरियन उच्चार सुधारण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा आधार घेतल्याची बातमी जानेवारीत आली आणि तिने थोडे नुकसान केलेच असेल. पण एक कोटी डॉलरच्या आत एवढा भव्य चित्रपट उभा केला, या गोष्टीपुढे मी टोपी काढतो. छायाचित्रण आणि संगीत हे दोन्ही पुरस्कार त्यालाच जावेत आणि जातील.

अभिनेत्रींबाबत मी मतपेटी यांच्याशी सहमत नाही. चाळीसहून अधिक वर्षे पडद्यावर असलेल्या बाईला पहिल्यांदा नामांकन मिळते, तेही हॉलिवूड बायकांना वयामुळे कसे फेकून देते यावरच्या चित्रपटासाठी. ही गोष्ट मतदारांना टाळता येणार नाही. ‘द सबस्टन्स’मध्ये डेमी मूर बाहेर जाण्यासाठी तयार होते, आरशात पाहते, परत फिरते, लिपस्टिक पुन्हा लावते, पुन्हा परतते, आणि शेवटी तळहाताने सगळा चेहरा खरवडून काढते. तेवढ्या एका प्रसंगासाठी मी तिला मत दिले असते.

तिसरी घंटा | २६ फेब्रुवारी २०२५

आपण सर्व जण जे दहा चित्रपट तोलत आहात, त्यांत माझा चित्रपटच नाही. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ला गेल्या मे महिन्यात कानमध्ये ग्राँ प्री मिळाले, आणि त्याच महोत्सवातला पहिला पुरस्कार, पाम दोर, मिळाला तो ‘अनोरा’ला. म्हणजे तेथे एका पायरीचे अंतर होते. ऑस्करला मात्र एकाला सहा नामांकने आणि दुसऱ्याला एकही नाही. भारतातर्फे ‘लापता लेडीज’ पाठवला गेला आणि तो परभाषिक विभागाच्या पंधरा चित्रपटांच्या प्राथमिक यादीतही आला नाही. दोन्ही चित्रपटांत आमच्या छाया कदम आहेत, हा योगायोग सुखाचा म्हणावा की दुःखाचा, ते मला ठरवता आलेले नाही. कपाडियांच्या चित्रपटात छायाताई रात्रीच्या अंधारात बिल्डरच्या फलकावर दगड मारतात तो प्रसंग पाहताना मुंबईत चाळ सोडावी लागलेल्या कोणाचाही हात शिवशिवला असेल.

सहायक अभिनेत्रीच्या ‘मिळायला हवे’मध्ये मी छाया कदम असे लिहून ठेवले आहे. मूळ यादीत नाव नसले म्हणून काय झाले, त्या रकान्याला गुण नसतात, असे आपणच म्हणता.

वेशभूषेसाठी ‘विकेड’ लिहा. कोल्हापूरच्या भानू अथैय्या यांना १९८३ साली ‘गांधी’साठी हा पुरस्कार मिळाल्यापासून हा विभाग मला घरचा वाटतो आणि त्यात माझा अंदाज सहसा चुकत नाही.

मतपेटी | २७ फेब्रुवारी २०२५

तिसरी घंटा, आपली तक्रार रास्त आहे, फक्त एक लक्षात घ्यावे. परभाषिक चित्रपटाच्या विभागात देशाने पाठवावे लागते. बाकीच्या विभागांत वितरकाने प्रचार करावा लागतो, आणि त्याला पैसा लागतो. ‘अनोरा’ सुमारे ६० लाख डॉलरमध्ये तयार झाला, म्हणून तो गरीब घरचा वाटतो. पण अमेरिकेत त्याच्या पाठीशी उभा राहिलेला वितरक २०२०मध्ये ‘पॅरासाइट’ला पैलतीरी नेणाराच आहे.

ठाणेकरीणताईंसाठी उरलेले थोडक्यात सांगतो. सहायक अभिनेता किरन कल्किन आणि सहायक अभिनेत्री झोई साल्डान्या, येथे विचार करत बसू नका. रूपांतरित पटकथा ‘कॉन्क्लेव्ह’. अॅनिमेशनमध्ये ‘फ्लो’: लॅटव्हियात तयार झालेला, एकही संवाद नसलेला, पुरात वाहत चाललेल्या मांजराचा चित्रपट. मोठ्या स्टुडिओंच्या चित्रपटांपुढे त्याची छाती पाहून माझे मन तर जिंकलेच, पण पहिल्या रकान्यातही मी त्यालाच ठेवले आहे. संकलनात मी अडखळतो आहे. ‘अनोरा’चा दिग्दर्शक शॉन बेकर आपले चित्रपट स्वतःच संकलित करतो, आणि ‘अनोरा’मधला घरातल्या झटापटीचा जो लांबलचक प्रसंग आहे, तो विनोदातून भीतीकडे आणि परत विनोदाकडे जातो ती कमाल कात्रीचीच आहे. शेवटी गाडीच्या काचेवरचे वायपर काळ्या पडद्यावरही ऐकू येत राहतात. आमच्या खेळाला त्या आवाजामुळे कोणी चटकन उठले नाही.

ठाणेकरीण | १ मार्च २०२५

सर्वांचे मनापासून आभार. कागद भरला आणि सोसायटीच्या सचिवांकडे पाकिटात घालून दिला. चित्रपट ‘अनोरा’, दिग्दर्शक बेकर, अभिनेता ब्रोडी, वेशभूषा ‘विकेड’, अॅनिमेशन ‘फ्लो’. परभाषिक चित्रपटात ‘आय अॅम स्टिल हिअर’ दोन्ही रकान्यांत आहे, पण या वेळी त्यामागे डोकेही आहे. संकलनासमोर ‘कॉन्क्लेव्ह’ लिहिले. ‘अनुजा’ या दिल्लीच्या लघुपटाचे नाव मात्र निव्वळ मायेपोटी लिहिले, कबूल करते.

अभिनेत्रींच्या ओळीत मूर लिहिले होते. पाकीट बंद करण्याआधी ते खोडून टोरेस लिहिले. वॉल्टर सालेस याच दिग्दर्शकाच्या चित्रपटासाठी २६ वर्षांपूर्वी तिच्या आईला, फर्नांडा मॉन्टेनेग्रोला, नामांकन मिळाले होते आणि पुरस्कार मिळाला नव्हता. ते आठवले आणि हात थांबला नाही.

मतपेटी | १ मार्च २०२५

ताई, मिसळ कोठली मागवणार?

ठाणेकरीण | ३ मार्च २०२५, सकाळी १०.४०

‘अनोरा’ला पाच, त्यांतले चार एकट्या बेकरच्या हाती, आणि त्यांत संकलनही. मॅडिसन जिंकली, मतपेटी, आपला हिशेब खरा ठरला. हडसनकाठ, ब्रोडी किती वेळ बोलला! आमच्याकडे तेवढ्यात चहाचे दुसरे आधण उकळून झाले. ‘फ्लो’ने लॅटव्हियाला पहिला ऑस्कर मिळवून दिला, ‘विकेड’ने तिसरी घंटा यांचे नाव राखले, ‘अनुजा’ला काही मिळाले नाही.

आणि ब्राझीललाही पहिला ऑस्कर मिळाला. सालेस मंचावर आला आणि त्याने तो पुरस्कार, चित्रपट ज्यांच्यावर आहे त्या युनिस पायवा या बाईंना आणि त्यांची भूमिका करणाऱ्या दोन्ही फर्नांडांना अर्पण केला. मी तेवढ्यापुरता आवाज वाढवला तर पलीकडच्या काकूंनी भिंतीवर थाप मारली, कारण तेव्हा अजून सकाळच होती.

सर्वांत कमी गुणांवर मी आणि पाचव्या मजल्यावरचे एक गृहस्थ अशी बरोबरी झाली आहे. त्यांनी ‘द ब्रुटलिस्ट’ न पाहताच सात ठिकाणी लिहिला होता. मिसळ माझी, ताक त्यांचे, असे ठरले आहे.