हाशिमा बेटावरच्या चाळींचे नकाशे कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. जपानमधल्या हाशिमा बेटावरच्या कोळसा खाणकामगारांच्या वसाहतीची प्रतिकृती करतेय. मित्सुबिशीने वसवलेली ही वस्ती १९७४ साली खाण बंद होताच रिकामी झाली. १९५९ मध्ये तिथे पाच हजारांवर माणसं राहत होती!

माझं अडलंय ते १९१६च्या ३० नंबरच्या इमारतीपाशी. मधोमध उजेडासाठी चौक, त्याभोवती जिने, हे फोटोंत दिसतं. पण बिऱ्हाडं कशी मांडली होती ते कळत नाही. मजलेवार नकाशे कोणी पाहिलेत का? गच्च्यांवर माती आणून भाजीपाला पिकवायचे, त्याचे जुने फोटोही हवेत.

युद्धकाळात सक्तीने आणलेल्या कोरियन आणि चिनी मजुरांच्या आठवणी इंग्रजीत असतील तर जरूर सांगा. त्यांच्याशिवाय हे काम मला अपुरंच वाटेल.