व्यवहारातला विश्वास आणि हातातला फोन: तुमचे अनुभव लिहा

पानाच्या टपरीपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे क्यूआर कोड लागलाय. यूपीआय २०१६ साली आलं, आणि बघता बघता भिशी, बचत गट, सोसायटी सगळ्यांचे व्यवहार फोनवर गेले. फसवणुकीच्या बातम्या रोज वाचतोच. इथे मला वेगळं काही ऐकायचंय. एकमेकांवरचा भरवसा टिकावा म्हणून तुमच्या दुकानात, गटात, घरात तुम्ही कोणती रीत पाडली? नेमकं काय करता ते लिहा. खात्री करून घेताना समोरच्याला काय वाटेल, हा संकोच आपल्याकडे फार आहे आणि तो मोडायला हवा, असं माझं मत आहे.

किराणा दुकान, कराड

स्पीकर बोलला किंवा माझ्या फोनवर जमा झाल्याचा मेसेज आला, तरच पैसे आले असं धरतो. गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवरची हिरवी खूण चालत नाही, कारण तशी खूण दाखवणारी बनावट ॲप्स फिरतायत. सुरुवातीला जुन्या माणसांना लागायचं. "इतकी वर्षं येतोय, आता माझ्यावर संशय?" मग नियम सगळ्यांना सारखा केला, सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा. तेव्हापासून कुणी रागावत नाही. सकाळी शटर उघडलं की क्यूआरच्या स्टिकरच्या कडेवरून नख फिरवतो, वर दुसरा कागद डकवलेला नाही ना ते बघायला. मग मुलाच्या फोनवरून स्कॅन करून नाव वाचतो. रेंज गेली तर माणसाला ताटकळत ठेवायचं नाही. वही काढायची, रक्कम लिहायची, त्याच्यासमोर वाचून दाखवायची.

बचत गटाची सचिव, बीड जिल्हा

फोनवरून पैसे पाठवता यायला लागले तशा आमच्यातल्या दोघीतिघी म्हणाल्या, आता बैठक कशाला, खात्यावर टाकू की. मी आणि अध्यक्षांनी ठाम नाही म्हटलं. बचत गटाच्या पाच नियमांतलं, म्हणजे पंचसूत्रीतलं, पहिलं सूत्रच नियमित बैठक आहे, मग बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब. पैसे फोनवरून येऊ देत, बाई मात्र बैठकीला आली पाहिजे. कारण पैसे मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या फोनवरून येतात, बँकेच्या नोंदीत त्याचं नाव दिसतं, आणि कुठली बचत कुणाची हे चार महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून मी पासबुक भरून आणते आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचते. जिचे पैसे असतील ती "माझे" म्हणते, मगच तिच्या पुस्तिकेत नोंद आणि सही. वेळ लागतो. लागू दे. या बायकांनी एकेक रुपया बाजूला काढलाय.

दुसरं अंगठ्याचं. बँकेचा माणूस मशीन घेऊन गावात येतो, आधारवर अंगठा ठेवला की पैसे निघतात. वयस्कर बायकांना आम्ही बैठकीतच शिकवलंय: आधी रक्कम किती टाकली ते विचारायचं, पावती हातात पडल्याशिवाय उठायचं नाही, आणि "लागला नाही, परत ठेवा" म्हणाला तर आधीच्या वेळची पावतीसुद्धा मागायची. वाचता येत नसेल तर शेजारणीला सोबत न्यायचं. आमच्यातल्या एक आजी पावती घेतल्याशिवाय ओट्यावरून हलत नाहीत, मागे कितीही रांग असो. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक

वरच्या दोघांनाही मनापासून दाद. एक भर घालतो. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, पिन पैसे देताना लागतो. आणि खात्यातून पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरवर फोन करा आणि बँकेला कळवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवले जातात, त्यामुळे पहिले काही तास फार मोलाचे. लोक आधी नातेवाइकांना विचारत बसतात आणि तेवढ्यात रक्कम निघून जाते.

लेक डब्लिनला, आईबाबा पुण्यात

बाबांना फोन आला की त्यांच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत. मग व्हिडिओवर गणवेशातला माणूस, आणि "तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, फोन ठेवायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही." अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. पण त्या क्षणी कायदा कुणाला आठवतो? बाबांना आमचं घरचं ठरलेलं आठवलं: जो कुणाला सांगू नका म्हणेल, त्याचं बोलणं आधी शेजारच्या काकूंना सांगायचं. ते चालू फोन हातात घेऊन तसेच काकूंच्या दारात गेले. काकूंचा आवाज कानावर पडताच पलीकडून फोन कट. इतक्या लांबून मी काहीही करू शकले नसते. आता आम्ही घरात एक परवलीचा शब्दही ठरवलाय, कारण आवाजाची नक्कल करून पैसे मागणारे फोनही येतात.

सोसायटी, ठाणे

घरकामाला येणाऱ्या एका मावशींचा सीसीटीव्हीतला फोटो कुणीतरी चोरीच्या संशयावरून ग्रुपवर टाकला. वस्तू त्याच घरात सापडली, पण फोटो तोवर शेजारच्या दोन सोसायट्यांत पोचला होता. हे फार चूक झालं. त्यानंतर ठराव केला: सीसीटीव्हीचं चित्रण फक्त समिती बघेल, ग्रुपवर येणार नाही, गरज पडली तर पोलिसांना देऊ. सचिव मावशींच्या घरी जाऊन माफी मागून आले आणि ज्या ग्रुपवर फोटो गेला होता तिथे खुलासाही टाकला.

आंबा बागायतदार, देवगड

आमचा हापूस पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत थेट जातो. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. तरी बाहेरचं फळ देवगडच्या पेटीत घालून विकणारे आहेतच. म्हणून मी पेटी भरतानाचा फोटो पाठवतो: पेंढा, फळं आणि वर त्या दिवसाच्या तारखेची चिठ्ठी. साका, म्हणजे आतला गर पांढरट आणि भुसभुशीत होणं, मात्र बाहेरून दिसत नाही, तो फळ कापल्यावरच कळतो. कापलेल्या फळाचा फोटो आला की वाद न घालता पुढच्या पेटीत तेवढी फळं जास्त घालतो. खोटे फोटो पाठवणारे किती निघतील अशी भीती होती. फार क्वचित निघाले.

गिऱ्हाइकांचे नंबर मी कुणाला देत नाही, काजूवाल्या मित्रालासुद्धा नाही. विचारल्याशिवाय कुणाला ग्रुपमध्ये घेत नाही, यादी करून प्रत्येकाला वेगळा मेसेज जातो. पहिल्यांदा घेणाऱ्याकडून निम्मे पैसे आगाऊ, बाकीचे पेटी उघडून बघितल्यावर.